इमारतीतील काच : बनते कशी आणि बल्लारपूरच्या उन्हात वागते कशी

मे महिन्यात चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. काही वर्षी तो ४७-४८ पर्यंतही पोहोचतो. या दिवसांत विदर्भातले घर बाहेरूनच ओळखू येते. खिडकीची एक झडप उघडी, तिथे पत्र्याचा कूलर, त्याच्या तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या आणि खाली ठिबकणारे पाणी. याच गावांच्या मुख्य रस्त्यांवर अलीकडे दुसऱ्या प्रकारची इमारतही दिसू लागली आहे. तिचा सगळा दर्शनी भाग निळ्या किंवा हिरव्या काचेचा असतो आणि त्यात उघडणारी झडप एकही नसते. अशा इमारतीत कूलर बसवायला जागाच उरत नाही. मग वातानुकूलन यंत्र लावावे लागते आणि ते चार महिने थांबत नाही.

काच कोणती, किती आणि कोणत्या दिशेला, हा प्रश्न म्हणूनच इथे शोभेपेक्षा विजेच्या बिलाचा जास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर काच बनते कशी इथपासून सुरुवात करावी लागते.

वाळू, सोडा आणि चुनखडी

खिडकीच्या काचेला तंत्रज्ञ 'सोडा-चुना काच' म्हणतात. तिच्यात वजनाने सुमारे ७२ टक्के सिलिका असते आणि ती वाळूतून मिळते. नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंशांच्या वर जावे लागते. ते परवडत नाही, म्हणून तिच्यात सोडा अ‍ॅश मिसळतात. त्याने वितळण्याचे तापमान बरेच उतरते, पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते. तिला टिकाऊ करण्यासाठी चुनखडी आणि डोलोमाइट घालतात. या मिश्रणात जुन्या काचेचे तुकडेही टाकले जातात. ते लवकर वितळतात आणि इंधन वाचते.

वाळू कोणतीही चालत नाही. नदीच्या वाळूत लोह आणि माती फार असते. महाराष्ट्रात सिलिका वाळूसाठी सिंधुदुर्गातल्या कणकवली तालुक्याचे, विशेषतः कासार्डे परिसराचे नाव घेतले जाते. चुनखडी चंद्रपूर जिल्ह्यात भरपूर आहे आणि गडचांदूर-आवारपूर भागातले सिमेंट कारखाने तिच्यावरच उभे आहेत. सिमेंटला लोह चालते, काचेला मात्र ते नको असते. साध्या काचेचा तुकडा कडेने पाहिला तर हिरवट दिसतो, तो त्यातल्या थोड्याशा लोहामुळे. ही हिरवी छटा नको असेल तर कमी लोहाची महाग काच घ्यावी लागते. दागिन्यांच्या दुकानांच्या दर्शनी कपाटांत ती दिसते.

वितळलेल्या कथलावर तरंगणारी काच

हे मिश्रण भट्टीत १५०० अंशांच्या वर तापवून वितळवतात. मोठ्या कारखान्याची भट्टी एकदा पेटली की पंधरा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ रात्रंदिवस चालते. मध्येच ती थंड होऊ दिली तर आतली काच गोठते आणि भट्टीचे अस्तर तडकते.

वितळलेल्या काचेचा सपाट तक्ता करणे हे शतकानुशतके अवघड काम होते. कारागीर फुंकनळीने काचेचे लांब नळकांडे फुगवीत, ते उभे चिरून उलगडीत आणि सपाट करीत. १८५१ मध्ये लंडनमध्ये उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसला अशाच पद्धतीने केलेल्या सुमारे ३ लाख काचा लागल्या होत्या. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वितळलेल्या काचेतून तक्ता यंत्राने सरळ वर ओढण्याची पद्धत आली. ओढलेली काच थोडी लहरी येई. जुन्या वाड्याच्या किंवा बंगल्याच्या तावदानातून पाहताना बाहेरचे झाड किंचित हलल्यासारखे दिसते, ते या लहरींमुळे. काच हळूहळू खाली ओघळते म्हणून जुनी तावदाने खाली जाड होतात, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. तावदान मुळातच असमान जाडीचे बनलेले असते.

आजची पद्धत इंग्लंडमधल्या पिल्किंग्टन कंपनीत अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी विकसित केली आणि १९५९ मध्ये जाहीर झाली. तिच्यात भट्टीतून आलेली काच वितळलेल्या कथलाच्या उथळ हौदावर सोडतात. कथील २३२ अंशांना वितळते, काचेपेक्षा जड असते आणि तिच्यात मिसळत नाही. त्यामुळे पाण्यावर तेल पसरावे तशी काच कथलावर पसरते. खालून कथलाची सपाटी मिळते आणि वरचा पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत होतो. तासणे-घासणे काही लागत नाही. कथलाला हवेतला ऑक्सिजन लागू नये म्हणून हौदावर नायट्रोजन आणि थोडा हायड्रोजन भरलेला असतो. हौदाच्या सुरुवातीला सुमारे ११०० अंशांवर असलेली काच शेवटी ६०० अंशांपर्यंत उतरते आणि उचलण्याइतकी घट्ट होते.

काच आपल्या मर्जीने पसरू दिली तर सहा-सात मिलिमीटर जाडीला थांबते. त्याहून पातळ हवी असेल तर पट्टा वेगाने ओढतात आणि जाड हवी असेल तर दोन्ही बाजूंनी अडवतात. त्यानंतर लांबलचक बोगद्यात तिला सावकाश निववतात. इथे घाई केली तर आत ताण राहतो आणि कापताना काच कुठेही फुटते. या पद्धतीच्या काचेला 'फ्लोट' म्हणतात. बाजारात आज 'साधी काच' म्हणून जी मिळते ती हीच.

तळेगाव, ओगलेवाडी, तळोजा

महाराष्ट्रात काचेचा उद्योग स्वदेशी चळवळीतून उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून सुरू झालेल्या पैसा फंडाला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला आणि लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे काचकामाचे शिक्षण देण्याचे काम केले. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ च्या सुमारास ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील पुढे घरोघरी पोहोचला.

या कारखान्यांचा भर मुख्यतः कंदिलाच्या काचा, बाटल्या आणि बरण्या यांवर होता. फुंकून आणि साच्यात घालून होणाऱ्या या वस्तू. खिडकीच्या तक्त्यासाठी लागणारी यंत्रे आणि भांडवल ही वेगळीच गोष्ट होती, आणि त्या काळच्या बऱ्याच इमारतींना तावदाने परदेशातूनच आली. 'बेल्जियमची काच' हा शब्द मराठी घरांत कौतुकाने वापरला जाई तो त्यामुळे. फ्लोट पद्धत भारतात यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. गुजरातेत अंकलेश्वरला आणि महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातल्या तळोजाला कारखाने निघाले. तेव्हापासून मोठ्या आकाराची सपाट काच तालुक्याच्या गावातही सहज मिळू लागली.

एका तक्त्याचे अनेक प्रकार

फ्लोट काच फुटली की लांब सुऱ्यांसारखे तुकडे पडतात. दारात, जिन्याच्या कठड्यात किंवा न्हाणीघरात ती धोक्याची असते. तिथे 'टफन्ड', म्हणजे कडक केलेली काच लागते. तक्ता आधी हव्या त्या मापात कापतात, भोके पाडतात, मग ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडतात. पृष्ठभाग आधी गोठतो. आतला भाग नंतर निवताना आकसतो आणि पृष्ठभागाला आत दाबून धरतो. या दाबामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते आणि फुटलीच तर बारीक बोथट कण होतात. मात्र कडक केल्यावर ती कापता येत नाही. माप चुकले तर काच वाया.

तिचा एक दोषही आहे. निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण आत राहिला तर काच महिन्यांनी किंवा वर्षांनी कोणीही हात न लावता अचानक फुटू शकते. म्हणून उंचावर लावायच्या काचा आधी सुमारे २९० अंशांवर काही तास ठेवून तपासतात. ज्या फुटायच्या त्यातल्या बहुतेक तिथेच फुटतात.

जिथे फुटलेली काच खाली पडताच कामा नये तिथे 'लॅमिनेटेड' काच हवी. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा चिवट पापुद्रा ठेवून उष्णता आणि दाबाने त्या चिकटवतात. तडा गेला तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. काचेचे छत, बाहेर कललेली काच आणि उंच कठडे यांना ती वापरतात. मोटारीची पुढची काच अशीच असते.

तिसरा प्रकार दुहेरी काचेचा. दोन काचांमध्ये साधारण १२ मिलिमीटरची बंद पोकळी ठेवतात आणि पट्टीत ओलावा शोषणारे कण भरतात. कडेचे सील गेले की आत दमटपणा शिरतो आणि काच कायमची धुरकट दिसू लागते. ती पुसून साफ होत नाही; पूर्ण संच बदलावा लागतो.

चार वाजताचे ऊन

उन्हाच्या ऊर्जेतला जवळपास निम्मा भाग डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. साधी काच दृश्य प्रकाश आणि यातले बरेचसे किरण आत सोडते. आतल्या भिंती, फरशी आणि सामान त्याने तापतात आणि स्वतः उष्णता फेकू लागतात. पण या उष्णतेची तरंगलांबी मोठी असते आणि तिला काच बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभ्या मोटारीत जे होते तेच खोलीत होते.

बल्लारपूर साधारण १९.८५ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे जातो. ऐन उन्हाळ्याच्या दुपारी दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला ४७ अंशांच्या आसपास उतरतो आणि तेव्हाचे ऊन हवेसेच असते. नको असेल तर छज्जा ते बऱ्यापैकी अडवतो. दक्षिणेच्या खिडकीबद्दल लोकांच्या मनात जी धास्ती असते तिला फारसा आधार नाही.

खरी अडचण पश्चिमेची. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी चार वाजता सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून साधारण ३७ अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जा असला तर त्याची सावली जेमतेम दीड फूट उतरते. चार फुटांच्या खिडकीतली अडीच फूट काच उन्हात राहते. पाच वाजता सूर्य २२-२३ अंशांवर येतो आणि सावली दहा इंचांवर. म्हणजे बाहेरचे तापमान शिखरावर असतानाच छज्जा निकामी होतो.

हिशोब करून पाहता येतो. त्या वेळी पश्चिमेच्या उभ्या काचेवर, सावली नसेल तर, दर चौरस मीटरला ढोबळमानाने ६०० वॅट ऊन पडते. ६ मिलिमीटरची साधी काच त्यातले सुमारे ८२ टक्के आत आणते. १० चौरस मीटर काच असेल तर उन्हातून जवळपास ४,९०० वॅट उष्णता येते. बाहेर ४५ आणि आत २५ अंश असतील तर काचेतून वाहून येणारी उष्णता आणखी ११०० वॅटच्या आसपास भरते. वातानुकूलन यंत्राचा एक 'टन' म्हणजे सुमारे ३,५०० वॅट उष्णता काढण्याची क्षमता. एवढ्या एका काचेसाठीच पावणेदोन टनांचे यंत्र गुंतून पडते. माणसे, दिवे आणि छत यांचा हिशोब त्याच्या वर.

यावर बाजारात गडद रंगाची काच सुचवली जाते. ती डोळ्यांना थंड वाटते, पण रंगीत काच ऊन परतवण्यापेक्षा बरेचसे स्वतः शोषते. मग ती तापते आणि त्यातली काही उष्णता आत सोडते. शिवाय खोलीत अंधार होतो आणि दिवसा दिवे लावावे लागतात. आरशासारखी चमकणारी परावर्तक काच त्यापेक्षा बरी, पण ती ऊन समोरच्या घरावर टाकते. सर्वांत कामाची ती 'लो-ई' काच. तिच्यावर चांदीसारख्या धातूचे इतके पातळ थर दिलेले असतात की प्रकाश पुरेसा आत येतो आणि अवरक्त किरण बरेचसे परततात. हे मऊ थर उघडे राहिले तर खराब होतात, म्हणून अशी काच बहुधा दुहेरी संचात, थर पोकळीच्या बाजूला ठेवून बसवतात.

काच विकत घेताना यासाठी एक आकडा विचारावा : सौर उष्णता गुणांक, व्यवहारात 'एसएचजीसी'. पडलेल्या उन्हातला किती हिस्सा उष्णता म्हणून आत येतो ते तो सांगतो. व्यापारी इमारतींसाठीच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने उष्ण प्रदेशांत उत्तर सोडून इतर दिशांच्या काचेला या गुणांकाची मर्यादा ०.२७ ठेवली आहे, आणि नेमून दिलेल्या पद्धतीने इमारत बांधायची तर भिंतीच्या ४० टक्क्यांहून अधिक भाग काचेचा असू नये असे म्हटले आहे. वरच्या उदाहरणात ०.२७ गुणांकाची चांगली दुहेरी काच घातली तर एकूण ६,००० वॅट उष्णता २,००० वर येते. पण तीच काच ३ चौरस मीटर केली आणि बाकीची विटांची भिंत ठेवली तर साध्या काचेतही हा आकडा १,८०० च्या आसपास भरतो. भिंतीतूनही थोडी उष्णता येईल हे खरे, पण खर्च किती वाचला तेही पाहावे. स्वस्तातली युक्ती नेहमी हीच असते, आणि काच विकणारा ती सांगेल अशी अपेक्षा करता येत नाही.

सागाची चौकट, अ‍ॅल्युमिनियमची चौकट

बल्लारपूरचे नाव इमारतींच्या जगात निघते ते काचेपेक्षा सागवानामुळे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले लाकूड इथल्या आगारात येते आणि लिलावाने देशभर जाते. २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी सागवान इथूनच रवाना झाले. जुन्या खिडकीत काच बसवायची ती सागाच्या चौकटीतच. कडेला लांबी भरायची, म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून केलेला लगदा, आणि वरून पट्टी ठोकायची. साग पावसाळ्यात फारसा फुगत नाही आणि उन्हाळ्यात फारसा आकसत नाही, त्यामुळे तावदानावर ताण येत नाही.

अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी स्वस्त, हलकी आणि वाळवीपासून सुरक्षित असते. मात्र अ‍ॅल्युमिनियम लाकडाच्या हजार पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. पश्चिमेच्या खिडकीची चौकट मेमध्ये आतूनही हाताला चटका देते. महागडी दुहेरी काच घेऊन ती साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवली तर तिचा बराच फायदा कडेने गळून जातो. दुसरी गोष्ट अशी की दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीचा निम्मा भाग कायम बंद राहतो. कूलर चालायचा तर हवा बाहेर जायलाही वाट लागते. समोरची खिडकी उघडी नसली तर खोली गार होण्याऐवजी दमट होते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात साधारण २०० वॅटचा कूलर जे काम करतो त्यासाठी वातानुकूलन यंत्र दीड हजार वॅट घेते. बाहेर उघडणाऱ्या पूर्ण झडपांची जुनी खिडकी या हिशोबात अजून पुढेच आहे.

तडे, डाग आणि पाखरे

उन्हाने काच तडकते, आणि त्यासाठी दगड लागत नाही. तक्त्याचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते. हा फरक साध्या काचेत ४० अंशांच्या आसपास गेला की कडेपासून तडा निघू शकतो. आतून काळी फिल्म चिकटवणे, काचेला टेकून कपाट ठेवणे, तापलेल्या काचेवर कूलरच्या पाण्याचे शिंतोडे पडू देणे, यातून हा धोका वाढतो. तडा बहुतेक वेळा कडेच्या जुन्या टवक्यातून सुरू होतो, म्हणून कापल्यानंतर कडा घासून घेणे महत्त्वाचे. कडक केलेली काच याहून कितीतरी मोठा फरक सोसते.

बांधकाम चालू असताना सिमेंटचे किंवा चुन्याचे ओघळ काचेवर वाळू दिले तर त्यातला क्षार काच खातो आणि पांढरे डाग कायमचे राहतात. ओले असतानाच धुऊन टाकणे एवढाच त्यावर उपाय.

ताडोब्याभोवतीच्या गावांत जंगलाकडे तोंड करून मोठ्या काचा लावलेली निवासस्थाने वाढत आहेत. काचेत झाडांचे आणि आभाळाचे प्रतिबिंब पडते, पाखरू त्यालाच जंगल समजून वेगाने येते आणि आपटते. काचेवर बाहेरच्या बाजूने साधारण पाच सेंटीमीटर अंतराने ठिपके किंवा रेघा काढल्या तर पाखरे तिला ओळखतात. कोपऱ्यात ससाण्याचे एकच चित्र चिकटवून फारसा उपयोग होत नाही.

सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक आयएस २५५३ आहे, आणि खऱ्या कडक काचेच्या एखाद्या कोपऱ्यात न पुसला जाणारा शिक्का असतो. दार, कठडा किंवा न्हाणीघराची काच बसवण्याआधी तो शोधावा. बसवल्यानंतर कोपरा चौकटीत जातो आणि शिक्का पाहता येत नाही.